एक किलोचं आकाश

“एक किलो! अरे, एकच किलो!”

नाना मिठाईच्या दुकानासमोर भर रस्त्यात उभे राहून ओरडत होते आणि आत दुकानदार घाईघाईनं पेढे तोलत होता. आपला माणूस पहिल्यांदा अंतराळात पोचला, त्या दिवसांतली ही गोष्ट. जळगावच्या त्या दुकानात रेडिओ मोठ्यानं लावला होता, दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवला जात होता. नानांचा आवाज असा, की तो ऐकून दोन रिक्षा हॉर्नशिवाय बाजूला झाल्या.

“घ्या नाना, एक किलो.” दुकानदारानं पुडा पुढं केला.

“हे काय?”

“पेढे.”

“पेढे कोणी मागितले? मी दाबाचं बोलतोय! हा जो वर गेलाय ना, त्याच्या यानाच्या भिंतीवर दाब किती? एक किलो! बाहेर काही नाही, आत आपली साधी हवा. एक किलोच्या कामाचे पेढे वाटताय तुम्ही?”

“बांधलेला माल मी परत घेत नसतो,” दुकानदार म्हणाला.

नानांनी पुडा काखोटीला मारला आणि घरी जाईपर्यंत जो भेटेल त्याला त्यातला एकेक पेढा देत “हे एक किलोचं काम आहे” असं समजावून सांगितलं. लोकांनी पेढा खाल्ला, नानांचं अभिनंदन केलं आणि पुढं गेले. अर्ध्या जळगावला अजूनही वाटतं, की त्या मोहिमेत नानांचा काहीतरी हात होता.

नाना म्हणजे आमचे साहेब. शहराबाहेर हायवेच्या कडेला जी पाइपाची कंपनी होती, तिच्या तपासणी खात्याचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली मी आठ वर्षं काढली. आता पाइपाच्या धंद्यातला किलो निराळा असतो, हे आधी सांगितलं पाहिजे. तिथं किलो म्हणजे वजन नव्हे, दाब. नखाएवढ्या जागेवर किती किलोचा रेटा पाइप सोसतो, तेवढ्या किलोचा तो पाइप. अडीच किलोचा, चार किलोचा, सहा किलोचा. शेतकरी तसाच मागतो, दुकानदार तसाच देतो. मी कामाला लागलो त्या दिवशी नाना म्हणाले, “तो चार किलोचा पाइप आण.” मी वीस फुटी पाइप खांद्यावर घेऊन काट्यावर गेलो आणि परत येऊन प्रामाणिकपणे सांगितलं, “साहेब, हा अकरा किलो भरतोय.” नानांनी मला जवळ बोलावलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या खात्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “याला कोणी हसू नका. मीसुद्धा हेच केलं होतं.” केलं नव्हतं. नंतर कळलं, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत.

बाकीचे लोक खिशाला पेन लावत, नाना शर्टाच्या खिशात दाब मोजायचं पितळी गेज ठेवत. त्या वजनानं त्यांचे सगळे शर्ट डावीकडं एक वीत लांब झाले होते. सायकलची ट्यूब, घरचा कुकर, पाहुण्यांचा स्टोव्ह, सगळ्यांना ते गेज लागून गेलेलं. एका लग्नात त्यांनी बँडवाल्यांच्या तोंडाला ते लावलं. क्लॅरिनेटवाला पाव किलो भरला, तुतारीवाला जरा वर. पुढं कित्येक दिवस तो तुतारीवाला आपल्या पाटीवर “नानांनी तपासलेला” असं लिहून घेणार होता, पण रंगारी मिळाला नाही म्हणे.

डॉक्टरांकडंही तीच गत. डॉक्टर म्हणाले, “नाना, तुमचं बीपी दीडशे आहे.”

“दीडशे काय?”

“दीडशे. पाऱ्याचे मिलिमीटर.”

“ते मला किलोत सांगा.”

डॉक्टरांना सांगता येईना. नानांनी तिथंच त्यांच्या औषधाच्या चिठ्ठीमागं गणित मांडलं. “शून्य पूर्णांक दोन! अहो, पाव किलोसुद्धा नाही! एवढ्याशा दाबासाठी तुम्ही माझं मीठ बंद करता?” मग उठले, घरी आले आणि अक्कांना म्हणाले, वरणात मीठ टाक. अक्का म्हणजे नानांची बायको. आम्ही सगळे त्यांना अक्काच म्हणायचो. अक्कांनी मीठ टाकलं नाही. अक्कांचा दाब कोणत्याही गेजवर येत नसे.

एवढा दाबाचा माणूस समुद्राच्या नादी कसा लागला, ते कोणाला नीट माहीत नव्हतं. जन्म साक्री तालुक्यातला, शिक्षण धुळ्याला, नोकरी जळगावला. तिन्ही ठिकाणांहून समुद्र सारखाच लांब. पण वाचनालयात पाणबुडीचं चित्र असलेलं एखादं मासिक आलं, की ते आधी नानांकडं जाई आणि परत येताना त्याच्या समासात पेन्सिलीनं किलो लिहिलेले असत. दर तेहतीस फुटाला एक किलो, हा त्यांचा जप. गावोगावच्या विहिरी ते अशाच ओळखत. “ती ना? ती सव्वा किलोची विहीर.” तापीचा डोह त्यांनी दीड किलोला बसवला होता. समुद्राचा सगळ्यात खोल तळ अकराशे किलोचा. हा आकडा उच्चारताना ते डोळे मिटत.

चहाच्या सुट्टीत वाद व्हायचा.

“नाना, पण वर जायला केवढं मोठं रॉकेट लागतं!” कोणीतरी काडी टाकायचं.

“ते जायला लागतं. राहायला नाही लागत. एकदा वर पोचलास की तुला कोण दाबणार आहे? खाली जायला काही लागत नाही, दगड बांधला की झालं. पण तिथं राहून दाखव! तिथं प्रत्येक सेकंदाला पाणी विचारतं, जागा आहे का, जागा आहे का. चंद्रावर बारा जण फिरून आले. समुद्राच्या तळाला आजपर्यंत किती? दोन! फक्त दोन!”

“पण नाना, अंतराळातून तो माणूस जमिनीशी बोलतो तरी.”

“तेच म्हणतो मी! वरच्याला सगळी सोय आहे. ऊन आहे, गप्पा आहेत. रेडिओची लाट लाखो मैल पोकळीतून येते, न् पाण्यात चार हातांवर मरते. खाली गेलेला माणूस म्हणजे अंधार, थंडी आणि गप्प. बायकोसुद्धा काही बोलू शकत नाही.” इथं ते थोडं थांबायचे. “तोही एक विचार आहे.”

वाद फारच चढला की नाना साक्रीच्या बोलीवर यायचे. “बठ्ठा लोके वर देखतस! खाले कोनी देखत नही!” असं म्हणून कप आपटायचे. म्हणजे सगळे वर बघतात, खाली कोणी बघत नाही. हे झालं की चहाची सुट्टी संपली असं आम्ही समजायचो. भोंग्याची गरज नसे.

प्रत्यक्ष समुद्र त्यांनी एकदाच पाहिला. कंपनीच्या स्टाफची सहल दमणला गेली होती. दमणला का, ते मी इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आम्ही सगळे किनाऱ्यावर आपापल्या कामात असताना नाना समुद्राकडं पाठ करून वाळूत बसले होते, पँटच्या घड्या न मोडता. मी म्हटलं, “नाना, जन्मभर समुद्र समुद्र केलंत, आता समोर आहे तर बघा तरी.”

ते म्हणाले, “हे झाकण आहे. झाकण काय बघायचं?”

तर असा हा माणूस एक दिवस पाणबुडी बांधायला निघाला, यात आश्चर्य काही नव्हतं. आश्चर्य एवढंच, की तिच्यात बसणार मी होतो.

त्याचं असं झालं. उपसा सिंचनासाठी आमच्याकडं जाड काळे पाइप निघत, दोन फूट व्यासाचे. त्यातला एक अडीच किलोचा तुकडा कापण्यात चुकला आणि भंगारात पडला. लांबी पाच फूट. नानांनी रीतसर गेटपास काढून तो घरी नेला. दोन्ही तोंडांना लोखंडी फ्लँजची झाकणं, रबरी पॅकिंग, सोळा सोळा नटबोल्ट. एका झाकणाला जाड पारदर्शक प्लास्टिकची बशीएवढी खिडकी. अंगणात ती वस्तू आडवी ठेवली की शेजारी विचारत, पाण्याची टाकी का? नाना म्हणत, “टाकीच. फक्त पाणी बाहेर असतं.”

दोन फूट व्यासात मावेल असा माणूस खात्यात एकच. माझं वजन तेव्हा बेचाळीस किलो. हे खरे किलो. शिवाय मी अजून तात्पुरता होतो. मला कायम करण्याचा कागद नानांच्या टेबलाच्या खणात होता आणि त्यावर त्यांची सही व्हायची होती. त्यांनी त्या कागदाचा कधी उल्लेखसुद्धा केला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते फक्त म्हणाले, “तू जाशील का रे?” पण मला मात्र त्या क्षणी तो खण दिसला, त्यातला कागद दिसला, त्यावरची मोकळी जागा दिसली. मी म्हटलं, “जाईन की नाना. त्यात काय!”

पाणबुडी तपासायची कशी? आम्ही पाइप तपासतो तशीच. दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरायचं, पंपानं दाब चढवायचा आणि काट्याकडं बघत तासभर बसायचं. फुटला नाही, गळला नाही, तर पास. हजारो पाइप आम्ही असे पास केले होते. पाणबुडी अडीच किलोची, नानांनी तिला पाच किलो दिले. तास झाला. एक थेंब नाही.

“आपण हिला सोडणार विहिरीत. तिथं चाळीस फूट पाणी,” नाना म्हणाले. “म्हणजे सव्वा किलो. आपण तपासलं चौपट. अंतराळवाल्यांनी तरी चौपट तपासलं असेल का?”

मी सगळं धैर्य गोळा करून म्हटलं, “नाना, पण आपण दाब आतून दिला. विहिरीत तो बाहेरून येणार ना?”

“दाबाला दिशा नसते,” नाना म्हणाले. “नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे.”

मला नववीला विज्ञानात पस्तीस मार्क होते. नियमाप्रमाणं पास झालेल्या मालावर खडूनं खूण करून तपासनीसानं सही करायची असते. ती सही मी माझ्याच हातानं केली.

विहीर ठरली अक्कांच्या माहेरची. पारोळा सोडून धुळ्याकडं जाताना आत एक गाव आहे, तिथं अक्कांचे थोरले भाऊ राहत. सगळे त्यांना आबा म्हणत. दिवाळी नुकतीच झाली होती, विहीर भरलेली होती. आम्ही टेंपोत पाणबुडी घालून नेली आणि तिच्याबरोबर एका डाळ मिलमधले झिजलेले, काढून टाकलेले जात्याचे दगडही नेले. ते बुडायला. कारण पाच फुटांची हवेनं भरलेली टाकी पाण्यात काही केल्या बुडत नाही. पहिले तीन दगड बांधले, ती तरंगली. चौथा बांधला, ती तरंगली. विहिरीच्या काठावर नाना वाकून तिला म्हणत होते, “जा ना बाई, जा.” शेवटी बांधता बांधता टेंपोतले सगळे दगड संपले तेव्हा कुठं तिनं मान खाली घातली.

काठावर मोटर काढायची तीन पायांची लोखंडी घोडी उभी होती, तिला चेनपुली. साखळीला दर दहा फुटांवर नानांनी लाल रंग दिला होता. आबा बाभळीच्या सावलीत बसून सगळं बघत होते. जावई घरी आला म्हणून त्यांनी सकाळीच नवी टोपी घातली होती. नाना त्यांना एकेक गोष्ट समजावून सांगत होते, हा अडीच किलोचा पाइप, हा पाच किलोला तपासला. आबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते आणि बिडी ओढत होते.

टाकी पुन्हा वर घेतली, झाकण उघडलं. मी शर्ट काढला. नाना म्हणाले, “आत वीस मिनिटांची हवा आहे, आपलं काम पाच मिनिटांचं. तळाशी गेलास की खिडकीतून बघ आणि सांग.”

“कसं सांगू?”

“वर आल्यावर सांग.”

मी एक पाय आत घातला. तेवढ्यात घराकडून अक्का आल्या. त्यांना वाटलं होतं, पाहुण्यांनी पाण्याची टाकी आणलीय. मला अर्धं आत गेलेलं बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. हे झालं की समजावं.

“हाऊ कोठे चालना?” हा कुठं निघाला?

नानांनी सांगितलं. अंतराळापासून सुरुवात करून सांगितलं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “वर मानूस धाडाना पहिले त्यास्नी काय धाडं व्हतं?”

नाना जरा अडखळले. “कुत्री पाठवली होती.”

“मंग? तुमले घाई काय शे? पहिले काही दुसरं धाडा. मानूस मांगून.” माणूस मागाहून.

नानांच्या आयुष्यातला हा एकमेव वाद, ज्यात समोरच्यानं अंतराळ वापरून त्यांना हरवलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण वजन बरोबर याच्याएवढंच पाहिजे, प्रयोग म्हणजे प्रयोग. आबांच्या शेतात भरताची वांगी होती, हिरवी, पांढुरकी, एकेक लहान मुलाच्या डोक्याएवढी. मला वांग्यांच्या काट्यावर उभं केलं आणि माझ्या वजनाची बरोबर बेचाळीस किलो वांगी गोण्यांत भरून माझ्या जागी ठेवली. बत्तीस नटबोल्ट आवळले. मी शर्ट घातला आणि साखळी धरली, कारण आता मी माणूस राहिलो नव्हतो, मजूर झालो होतो.

दहा फूट. काही नाही. नाना खिशातल्या गेजवर हात ठेवून उभे. वीस फूट. नाना म्हणाले, “बघा.” आबांनी मान हलवली. पंचवीस झाले असतील. तिसरी लाल खूण अजून पाण्याच्या वर होती.

मग खालून आवाज आला. मोठा नव्हता. मी पुढं अनेक वर्षं लोकांना सांगितलं, की गावातले बैल दावं तोडून धुळ्यापर्यंत पळाले. पण खरं सांगायचं तर मोठा नव्हता. कोणी ओल्या मातीवर पोतं टाकावं तसा, धप्प. साखळीला एक हिसका बसला आणि ती एकदम जड झाली. घोडीचा एक पाय जमिनीत वीतभर रुतला. विहिरीच्या मधोमध पाणी फुगलं, बुडबुडे आले, आणि बुडबुड्यांमागून एक वांगं आलं. मग दुसरं.

टाकी वर काढायला तासभर लागला. काठावर घेतली तेव्हा ती टाकी राहिलेली नव्हती. फुटली नव्हती, कुठं चीर नव्हती. दोन्ही बाजूंनी चेपून तिची आतली भिंत आतल्या भिंतीला चिकटली होती, दात घासून संपलेल्या पेस्टच्या नळीसारखी. एक झाकण वाकून उघडं पडलं होतं. त्या फटीतून अक्कांनी हात घालून बघितला. हाताला लागलं ते न भाजता, न चुलीला लावता झालेलं भरीत होतं, देठांसकट. पाइपावर माझी खडूची सही मात्र स्पष्ट होती.

नाना तिच्याभोवती एक फेरी चालले. मग उलटी एक. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पाइपाकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं, माझ्या खांद्यापासून पायांपर्यंत. खिशातलं गेज काढून त्यांनी अक्कांकडं दिलं, आणि अक्कांनी ते पदरात बांधलं.

सोमवारी त्यांनी खणातला कागद काढून न वाचता सही केली. पुढल्या महिन्यात खात्यात एक नवीन हौद बांधला, पाइप त्यात बुडवून बाहेरून दाब द्यायचा. अंतराळाबद्दल ते पूर्वीसारखेच ओरडत राहिले, पण समुद्राचा विषय निघाला की जरा हळू बोलत.

ते सगळं नंतर. त्या दुपारी विहिरीच्या काठावर सगळे चपट्या पाइपाकडं बघत उभे असताना आबा बाभळीखालून उठून आले. त्यांनी पाइपावर काठी टेकवली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“हाऊ पाइप आम्ही सक्शनले लावत नही,” आबा म्हणाले. मोटर पाणी ओढते त्या बाजूला. “ओढ बसनी का चेपाई जास. बठ्ठा गावले माहीत शे.”

नाना सावकाश वळले. “आबा, मंग पहिले काबर नही सांगं?”

आबांनी बिडी विझवली.

“तुम्ही आमना जवाई. वर कंपनीना मानूस. माले वाटनं, तुमले माहीत व्हई.”